लष्करी विमानाचं स्केल मॉडेल: डिटेलिंग आणि रंगकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं प्लास्टिकच्या १/७२, १/४८ आणि १/३२ स्केलच्या किट्ससाठी आहेत. प्रश्नांचा क्रम साधारण बांधणीच्या क्रमानेच ठेवला आहे, कारण रंगात दिसणारे बहुतेक दोष रंगाच्या आधीच्या कामातून आलेले असतात.

किट उघडल्यावर पहिलं काम कोणतं?

नेमकं कोणतं विमान करायचं ते ठरवणं. नुसतं ‘स्पिटफायर’ म्हणून भागत नाही. कोणता मार्क (म्हणजे उपप्रकार), कोणती स्क्वाड्रन, कोणता महिना, हे ठरलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने दिवसा लढणाऱ्या विमानांचा कॅमोफ्लाज बदलला. वरच्या बाजूचा तपकिरी डार्क अर्थ जाऊन ओशन ग्रे आला, आणि पोटाकडचा स्काय जाऊन मीडियम सी ग्रे आला. त्यामुळे जूनमधलं मार्क ५ तपकिरी-हिरवं आणि डिसेंबरमधलं राखाडी-हिरवं. किटमधला रंगतक्ता हा फरक नेहमी सांगतोच असं नाही. ठरवलेल्या विमानाचा फोटो मिळाला तर तो टेबलावर कायम समोर ठेवा. अँटेना, चाकांचे रिम, एक्झॉस्ट, पंखावरचे फुगवटे, पॅच, सगळं त्यावरून ताडून बघता येतं.

मग स्प्रू (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण सुकू द्या. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग मास्किंग टेपबरोबर सोलून निघतो. रेझिनच्या (वेगळ्या मिळणाऱ्या, साच्यात ओतलेल्या राळेच्या) भागांवर हा थर आणखी जाड असतो.

किती बारीक डिटेल घालायचं, हे कसं ठरवायचं?

भागाकार करून. खऱ्या विमानातली १० मिमी जाडीची ब्रेकची नळी १/४८ मध्ये ०.२ मिमी होते, १/३२ मध्ये ०.३ आणि १/७२ मध्ये जेमतेम ०.१४. म्हणून १/४८ च्या लँडिंग गिअरवर ०.५ मिमीची तार लावली की ती ब्रेकची नळी न वाटता पाण्याचा पाइप वाटते.

उलटा हिशेबही करून बघा. १/७२ मध्ये पंखाची मागची कड अर्धा मिमी जाड राहिली, तर खऱ्या विमानात ती ३६ मिमी झाली. ती कड आतल्या बाजूने घासून पातळ केली तर मॉडेलमध्ये जितका फरक पडतो, तितका बाजारातल्या महागड्या डिटेल सेटनेही पडत नाही. मशीनगनच्या नळ्यांना ०.३ मिमीच्या ड्रिलने भोक पाडणं आणि एक्झॉस्टची टोकं पोकळ करणं हेही त्याच जातीचं काम आहे: साधन साधं आणि परिणाम मोठा.

कॉकपिट कसा रंगवावा?

आधी कॅनॉपी (वैमानिकावरचं पारदर्शक झाकण) उघडी ठेवणार की बंद, ते ठरवा. १/७२ मध्ये बंद कॅनॉपीतून सीट, पट्टे, गनसाइट आणि इन्स्ट्रुमेंट पॅनेलचा वरचा भाग एवढंच दिसतं. तळाशी घातलेली मेहनत कायमची झाकली जाते.

आधी सगळीकडे काळा प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारा. मूळ रंग एअरब्रशने फक्त वरून तिरका सोडा, म्हणजे खाचांत काळं राहतं आणि सावली आपोआप मिळते. मग स्विच, लिव्हर, ऑक्सिजनच्या नळ्या वगैरे तपशील शून्य नंबरच्या, नीट टोक धरणाऱ्या ब्रशने रंगवा. शेवटी मूळ रंगाची एक छटा फिकट घेऊन, ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. पॅनेलच्या प्रत्येक डायलमध्ये टाचणीच्या टोकाने ग्लॉस क्लिअरचा एक थेंब ठेवला की काच बसवल्यासारखी चमक येते. हा थेंब मॅट कोट झाल्यावरच ठेवायचा.

रंगाबाबत ढोबळ दिशा अशी: दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांत राखाडीकडे झुकणारा हिरवा, अमेरिकन विमानांत बहुतेक वेळा इंटिरिअर ग्रीन, जर्मन विमानांत आधी आरएलएम (जर्मन हवाई मंत्रालयाचे रंगक्रमांक) ०२ आणि पुढे गडद आरएलएम ६६. मिग-२१ सारख्या सोव्हिएत जेटमध्ये निळसर हिरवा, आणि आधुनिक अमेरिकन जेटमध्ये एफएस (फेडरल स्टँडर्ड, अमेरिकन रंगक्रमांक) ३६२३१ राखाडी.

हे एफएसचे पाच आकडे वाचायचे कसे?

पहिला आकडा चमक सांगतो: १ म्हणजे ग्लॉस, २ सेमीग्लॉस, ३ मॅट. दुसरा रंगाचा गट: ० तपकिरी, १ लाल, २ नारिंगी, ३ पिवळा, ४ हिरवा, ५ निळा, ६ राखाडी. म्हणून ३६३७५ आणि १६३७५ यांत फरक फक्त चमकेचा. दुकानात ३६ ने सुरू होणारा रंग मिळाला नाही तर १६ चा घ्या आणि वरून मॅट कोट मारा.

फोटोएच (पातळ पितळी पत्र्यात कोरलेला भाग) वाकवताना तुटतो किंवा उडून जातो. काय चुकतं?

उडतो तो कापण्याच्या पृष्ठभागामुळे. मऊ कटिंग मॅटवर सुरी दाबली की पितळ खाली दबतं आणि सुटल्यावर उसळी मारतं. काच किंवा गुळगुळीत टाइलवर कापा, आणि भागावर पारदर्शक टेपचा तुकडा आधी चिकटवून ठेवा. तुटतो तो एकाच घडीवर पुढेमागे वाकवल्यामुळे. घडी एकदाच घालायची, कोरलेली रेघ आतल्या बाजूला ठेवून. सीटचे पट्टे मात्र आधी मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरून मऊ करून घ्या, मग ते सीटवर कापडासारखे पडतात. आधीच रंग छापून आलेल्या पट्ट्यांना ज्योत चालत नाही.

चिकटवायला सुपरग्लू लागतो. पितळावर प्लास्टिकचं सिमेंट धरत नाही. थेंब थेट बाटलीतून सोडू नका, जुन्या काचेवर घेऊन सुईच्या टोकाने लावा.

रेझिनचा कॉकपिट धडात बसतच नाही.

बसणार नाही, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी. धडाच्या प्लास्टिकची भिंत आतून घासून पातळ करावी लागते, कधी कधी जवळजवळ उजेड दिसेपर्यंत. थोडं घासा, धडाचे दोन्ही भाग टेपने जोडून बघा, पुन्हा घासा. आधी रंगवून मग घासाघाशी करू नका. रेझिन ओलं करूनच घासावं आणि मास्क लावावा. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

पूर्ण झालेलं मॉडेल शेपटीवर बसतं. हे आधी कसं ओळखायचं?

नाकाखाली चाक असलेल्या विमानांत हा धोका असतो: पी-३८, मेसरश्मिट २६२, मिग-१५ वगैरे. धड, पंख आणि शेपूट टेपने तात्पुरतं जोडा. मुख्य चाकं जिथे येणार तिथे खालून दोन काड्यांवर मॉडेल तोलून धरा. नाक खाली झुकेपर्यंत नाकावर वजन ठेवत जा, आणि आलेल्या वजनाच्या पाव पट आणखी घाला. पुढे रंग, एक्झॉस्ट आणि मागच्या बाजूचं डिटेल यांचं वजन वाढतं. वजन जितकं नाकाच्या टोकाकडे, तितकं ते कमी लागतं.

शिसं वापरलं तर ते पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवू नका. कालांतराने शिशावर क्षार धरतो, वजन फुगतं आणि धडाचा जोड आतून उकलतो. इपॉक्सी वापरा.

जोडाची रेघ रंगानंतर पुन्हा का दिसू लागते?

बहुतेक वेळा घाई झालेली असते. पातळ सिमेंट प्लास्टिक वितळवतं. दोन्ही भाग जुळवून जोडावर ब्रश टेकवला की ते स्वतःहून आत ओढलं जातं. मग अर्धा मिनिट दाबून धरलं की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर येते. ही कडच तुमची पुट्टी. पण तिच्यातलं द्रावक पूर्ण उडायला किमान चोवीस तास लागतात. त्याआधी घासून सपाट केलं तर प्लास्टिक पुढे आकसतं आणि आठवड्याभराने तिथे उथळ खाच उमटते.

घासण्याचा क्रम ४००, ६००, १००० नंबरचा पेपर, पाण्यात बुडवून. नंतर जोडावर चंदेरी रंगाचा पातळ पट्टा मारा. चंदेरी रंग कोणताही दोष लपवत नाही.

खाच भरायला सुपरग्लू चांगला, कारण तो आकसत नाही. मात्र तो तासाभरातच घासून घ्यावा. नंतर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो, आजूबाजूचं प्लास्टिक झिजतं आणि त्याचा उंचवटा राहतो. ट्यूबमधली पुट्टी आकसते, म्हणून ती दोन पातळ थरांत, मधे सुकू देऊन लावा.

पंख धडाला मिळतो तिथली फट ही वेगळी गोष्ट आहे. तिथे पुट्टी भरली की ती घासताना दोन्हीकडचं डिटेल जातं. आधी धडाच्या आत स्प्रूचा तुकडा आडवा बसवून धड किंचित रुंद करता येतं का ते बघा. उरलेली केसाएवढी फट पीव्हीए गोंदाने भरून ओल्या कापडाच्या बोळ्याने पुसून घ्या. घासावं लागतच नाही.

घासताना पॅनेल लाइन (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा) बुजल्या. पुन्हा कशा कोरायच्या?

लेबल छापण्याची जाड, कडक चिकटपट्टी रेघेशेजारी लावा आणि स्क्राइबर (रेघ कोरायचं टोकदार हत्यार) तिच्या कडेने, हाताचं वजनही न टाकता, चार-पाच वेळा ओढा. पहिल्याच वेळी जोर लावला की टोक घसरतं. रेघ पुट्टीवरून जाणार असेल तर ती कडेने भुगा होऊन तुटते, म्हणून कोरायच्या जागी भरण सुपरग्लूचंच करावं. शेवटी रेघेतून पातळ सिमेंटचा ब्रश एकदाच झरकन फिरवा. कडेची कुसळं विरघळून जातात.

खोली वाढवण्याचा मोह टाळा. १/७२ वर ०.२ मिमी रुंद रेघ म्हणजे खऱ्या विमानात चौदा मिमीची फट.

कॅनॉपी धुरकट होते, किंवा मास्किंगखाली रंग जातो.

धुरकटपणा सुपरग्लूच्या वाफेने येतो. कॅनॉपीजवळ तो वापरूच नका, आणि आत वापरला असेल तर कॅनॉपी बसवण्याआधी मॉडेल एक दिवस उघडं ठेवा. कॅनॉपीसाठी पीव्हीए किंवा खास पारदर्शक गोंद पुरतो.

मास्किंगखाली रंग जाऊ नये म्हणून टेपची कड काडीने चेपा आणि पहिले दोन हात जवळजवळ कोरडे मारा. चौकटीवर आधी कॉकपिटच्या आतला रंग, मग बाहेरचा: आतून बघताना चौकट आतल्या रंगाची दिसते. फुग्यासारख्या कॅनॉपीवर मधोमध साच्याची रेघ असेल तर ती सुरीच्या पात्याने खरवडा, मग २०००, ४००० आणि पुढच्या नंबरांनी घासत पॉलिशपर्यंत या. १००० च्या आधीचा पेपर तिथे लावू नका.

प्रायमर लागतोच का?

हो. तो रंगाला धरतो, आणि वेगवेगळ्या साहित्याचे भाग एका रंगात आणून उरलेले दोष दाखवतो. मिस्टर सरफेसर १००० हा प्रायमर ६०० च्या पेपरचे ओरखडे बुजवतो. शेवटच्या थराला १५०० जास्त गुळगुळीत येतो.

रंग कोणता घ्यावा आणि किती पातळ करावा?

लॅकर (मिस्टर कलर वगैरे) सर्वांत पातळ थर देतो, मिनिटांत सुकतो आणि मास्किंगला पक्का असतो. वास मात्र उग्र, त्यामुळे खिडकी, पंखा आणि सेंद्रिय वाफांचं फिल्टर असलेला मास्क हे तिन्ही लागतात. टॅमियाचे ॲक्रिलिक अल्कोहोलवर आधारलेले. एअरब्रशला उत्तम, ब्रशने मारायला अवघड. वालेहोसारखे पाण्याचे रंग ब्रशला छान, पण एअरब्रशच्या टोकाशी सुकतात. इनॅमल सावकाश सुकतो आणि म्हणूनच ब्रशच्या खुणा उरू देत नाही.

लॅकरला एक भाग रंग, दीड ते दोन भाग थिनर. टॅमियाला एकास एक ते एकास दीड. वालेहोचे एअर रंग तयारच येतात. त्यात फ्लो इम्प्रूव्हरचे दोन-तीन थेंब घाला. प्रमाणापेक्षा वागणूक बघणं खरं: कपच्या भिंतीवर चढवलेला रंग पातळ दुधासारखा खाली ओघळला पाहिजे.

टॅमियाचा रंग लॅकरच्या लेव्हलिंग थिनरमध्ये फार सुरेख बसतो, हा मेळ आवर्जून करून बघा. वालेहोमध्ये मात्र लॅकर थिनर किंवा अल्कोहोल गेलं की कपातच त्याचं रबर होतं.

एअरब्रशने मारलेला रंग खरखरीत का येतो?

रंगाचे कण वाटेतच सुकून पोहोचतात. अंतर जास्त, दाब जास्त किंवा रंग जाड, यांपैकी एक कारण असतं. ०.३ मिमीच्या नोझलला १५ ते २० पीएसआय दाब आणि सात-आठ सेंटिमीटर अंतर, ही सुरुवात. पृष्ठभागावर रंग क्षणभर ओला चमकून मग मॅट झाला पाहिजे. चमकलाच नाही तर जवळ या किंवा थिनर वाढवा. चमकत राहिला आणि ओघळू लागला तर हात जलद हलवा.

कोळ्याच्या पायांसारख्या रेषा फुटल्या तर रंग पातळ आणि दाब जास्त आहे. मधूनच थुंकल्यासारखे थेंब पडत असतील तर सुईच्या टोकावर रंग सुकलाय. थिनर लावलेल्या कापसाच्या काडीने टोक पुसा. कपात बुडबुडे येत असतील तर नोझल सैल आहे किंवा तिच्यात रंग अडकलाय.

खरखरीत थर झालाच तर सुकल्यावर २००० च्या पेपरने पाण्यात हलकेच घासा आणि पुन्हा एक हात मारा. त्यावर तसेच डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) लावलेत तर पुढचं सगळं बिघडतं.

एअरब्रश नसेल तर?

ब्रशने चांगलं मॉडेल होतं. सपाट, मऊ, सहा ते दहा मिमीचा ब्रश, पातळ केलेला रंग, तीन-चार हात, आणि प्रत्येक हात सुकल्यावरच पुढचा. शेवटचा हात हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे. अर्धवट सुकलेल्या रंगावर ब्रश पुन्हा फिरवू नका.

कॅमोफ्लाजची कड मऊ ठेवावी की कडक?

फोटो सांगेल ते. खऱ्या विमानावर पाच सेंटिमीटरचा धूसर पट्टा असेल तर १/४८ मध्ये तो एक मिमी होतो, त्यामुळे मऊ कडसुद्धा वाटते त्यापेक्षा बरीच आखूड असते. ती मिळवायला न सुकणाऱ्या, नंतर काढता येणाऱ्या चिकट पुट्टीच्या चार मिमी जाडीच्या वळ्या कडेवर ठेवा आणि एअरब्रश काटकोनात धरा. तिरका धरला की रंग वळीखाली शिरतो. जर्मन विमानांच्या धडावरचे ठिपके हाताने मारायचे: ०.२ ची सुई, खूप पातळ रंग, दहा पीएसआयच्या आसपास दाब आणि एक-दोन सेंटिमीटर अंतर. आधी कागदावर हात बसू द्या.

उघड्या धातूचं विमान कसं करावं?

खाली ग्लॉस काळा, आरशासारखा. धातूचा रंग पृष्ठभागावरचा प्रत्येक ओरखडा मोठा करून दाखवतो. त्यावर ॲल्क्लॅडसारखा लॅकर धातुरंग १२ ते १५ पीएसआयवर विरळ थरांत मारा. जास्त मारलात तर तो राखाडी पडतो. काही पॅनेल मास्क करून वेगळ्या छटेने रंगवा.

पी-५१ मस्टँग करत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. हवेचा प्रवाह गुळगुळीत राहावा म्हणून कारखान्यात तिच्या पंखाच्या पुढच्या भागातले जोड आणि रिव्हेट पुट्टीने भरून पंख चंदेरी रंगवत. धड उघड्या ॲल्युमिनियमचं, पंख मात्र रंगवलेला. किटमध्ये पंखभर रिव्हेट असतील तर पुढच्या भागातले बुजवून टाका.

डिकॅलखाली चंदेरी चमक का दिसते?

ती अडकलेली हवा आहे. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. डिकॅल उंचवट्यांवर टेकतो, खळग्यांत हवा राहते आणि उजेडात चमकते. म्हणून डिकॅलच्या आधी ग्लॉस क्लिअरचे दोन हात आणि किमान एक दिवस सुकणं.

डिकॅल कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून बाहेर ठेवा आणि कागदावर स्वतःहून सरकेपर्यंत थांबा. जागेवर आधी मार्क सेटर किंवा मायक्रो सेटचा ओलावा द्या, डिकॅल सरकवा, मधून कडेकडे कापसाच्या काडीने पाणी टिपून घ्या. दहा मिनिटांनी वरून मार्क सॉफ्टर किंवा मायक्रो सोल लावा. आता डिकॅल सुरकुततो. घाबरू नका आणि बोट लावू नका, तो सुकताना पॅनेल लाइनमध्ये उतरतो. दुसऱ्या दिवशी चमक उरली असेल तर तिथे नव्या पात्याने बारीक टोचे मारा आणि सॉफ्टर पुन्हा लावा.

जुन्या किटचे डिकॅल आधी एक नको असलेलं चिन्ह बुडवून तपासा. तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर ग्लॉस क्लिअर मारा आणि प्रत्येक चिन्ह कडेने कापून घ्या. पिवळी पडलेली शीट उन्हाच्या खिडकीच्या काचेवर काही दिवस चिकटवली की बरीच उजळते.

वॉश लावला आणि खालचा रंग निघाला.

वॉश म्हणजे खाचांत उतरणारा अतिपातळ गडद रंग. त्याचं द्रावक आणि खालचा थर एकाच जातीचे होते. लॅकर किंवा ॲक्रिलिक क्लिअरवर इनॅमल किंवा ऑइलचा वॉश सुरक्षित असतो; इनॅमल रंगावर इनॅमलचाच वॉश थेट लावला तर रंग उठतो. वॉश पॅनेल लाइनवर टेकवून वाहू द्या, अर्ध्या तासाने किंचित ओल्या कापडाने नाकाकडून शेपटीकडे पुसा. फिकट राखाडी जेटवर काळा वॉश लावू नका, नकाशा काढल्यासारखं दिसतं. मूळ रंगाची गडद छटा पुरते.

रंग उडाल्याच्या खुणा कुठे दाखवाव्यात?

जिथे माणसाचा पाय, हात किंवा हत्यार लागतं तिथे: पंखाच्या बुडाशी चढायची जागा, दारूगोळ्याची झाकणं, इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू. शिवाय पंखाची पुढची कड आणि प्रोपेलर. स्पंजच्या बारीक तुकड्याने टेकवलेल्या खुणा ब्रशपेक्षा नैसर्गिक येतात.

खाली काय होतं ते मात्र विचारून घ्या. मॉस्किटो लाकडाचं होतं. तिच्या पंखावर ॲल्युमिनियमच्या चंदेरी खुणा म्हणजे सरळ चूक. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग कापडाचा, तिथेही तेच. अनेक विमानांवर रंगाखाली आधी प्रायमर दिसतो, धातू नंतर.

एक्झॉस्टचा डाग नव्वद टक्के थिनरच्या रंगाने, आठ-दहा हातांत चढवा. आधी गडद तपकिरी, मग मधोमध फिकट राखाडी. जेटच्या पोटावरचे तेलाचे ओघळ मागच्या दिशेने जातात, कारण ते उडताना पसरलेले असतात.

क्षेपणास्त्रं आणि बॉम्बवरच्या पट्ट्यांचा अर्थ काय?

अमेरिकन पद्धतीत पिवळी पट्टी म्हणजे स्फोटक असलेलं, तपकिरी म्हणजे रॉकेट मोटर, निळी म्हणजे सरावाचं. निळ्या पट्टीची क्षेपणास्त्रं युद्धमोहिमेवरच्या विमानाला लावू नका.

शेवटचा मॅट कोट पांढुरका पडला.

हवेत दमटपणा जास्त होता, बाटली नीट हलवली नव्हती किंवा थर जाड झाला. ग्लॉस क्लिअरचा एक हात मारा, पांढरेपणा बहुधा निघून जातो. मग कोरड्या दिवशी, मॅट विरळ थरांत पुन्हा.

मॅट कोटनंतर काय काय उरतं?

कॅनॉपीचं मास्किंग काढणं, टायर बसवणं (काळे नव्हेत, गडद राखाडी), पिटो ट्यूब (वेग मोजायची, पुढे आलेली नळी) आणि अँटेना. पिटोसाठी इंजेक्शनची सुई प्लास्टिकपेक्षा सरळ आणि मजबूत असते. दिवे पारदर्शक रंगाने: वैमानिकाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा, खाली चंदेरी ठिपका देऊन. अँटेनाची तार ताणलेल्या स्प्रूची किंवा लवचिक दोऱ्याची करा. दोन्ही टोकांना आधी ०.३ मिमीचं भोक पाडून ठेवलं असेल तर सुपरग्लूचा एक कण पुरतो, आणि लवचिक दोरा चुकून बोट लागलं तरी तुटत नाही.